पहाटेची धून आणि एक शिक्षक

आकाशवाणीच्या संकेतधुनेचे जनक मानले जाणारे वॉल्टर कॉफमन बारा वर्षे मुंबईत राहिले. नाझींच्या छायेतून निसटलेल्या या संगीतकाराने वयाच्या पन्नाशीत वाद्यवृंदाचे व्यासपीठ सोडले आणि अध्यापनाची वाट धरली. त्या वाटेची पहिली पावले मात्र मुंबईच्या रेडिओ केंद्रात पडली होती...

शहरातली सकाळ घड्याळाच्या गजराने नव्हे, तर रेडिओच्या खरखरीने उजाडत असे, असा एक काळ होता. चाळीतल्या एखाद्या खोलीत कोणीतरी रेडिओची कळ फिरवी. काही क्षण नुसतीच घरघर ऐकू येई आणि मग तानपुऱ्याच्या गंभीर नादावर व्हायोलिनची ती ओळखीची सुरावट अलगद उमटे. दूधवाल्याची हाक, बंबातल्या लाकडांचा धूर आणि ती धून यांचे नाते मराठी घरांत इतके घट्ट होते की, ती कोणी बांधली असेल हा प्रश्न फारसा कोणाला पडलाच नाही. जे सूर्योदयासारखे रोज येते, त्याच्या कर्त्याची चौकशी कोण करणार?

या धुनेचे श्रेय सर्वसाधारणपणे ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन मुंबईकर नव्हते आणि भारतीयही नव्हते. ते मध्य युरोपातून परागंदा झालेले ज्यू संगीतकार होते. १९३६च्या सुमारास त्यांनी ही धून बांधली आणि तीत व्हायोलिन वाजवले ते ख्यातनाम संगीतसंचालक झुबीन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी, असे सांगितले जाते. धून शिवरंजनीच्या अंगाची आहे. भूप रागातला शुद्ध गंधार कोमल केला की शिवरंजनीचे स्वर हाती येतात. एका स्वराच्या त्या बदलाने प्रसन्न भूपावर विरहाची सावली पडते. देश सोडून आलेल्या माणसाने सकाळच्या स्वागतासाठी नेमके हेच स्वर निवडावेत, याला योगायोग म्हणा किंवा आणखी काही!

संकेतधुनेचे काम तसे व्यावहारिक. त्या काळी रेडिओवरचे कार्यक्रम अखंड चालत नसत. सभा सुरू होण्यापूर्वी हीच धून पुनःपुन्हा वाजवली जाई. रेडिओतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत आणि काटा नेमक्या जागी स्थिरावेपर्यंत श्रोत्याला खुणेचा एक आवाज मिळावा, हा तिचा हेतू. मात्र या अर्ध्या मिनिटाच्या सुरावटीने कॉफमन यांच्या उरलेल्या आयुष्यावर जणू पडदाच टाकला. धून करोडोंच्या कानांत राहिली आणि तिचा कर्ता विस्मृतीत गेला. वास्तविक त्यांच्या जीवनाचा सर्वांत विलक्षण भाग त्यांनी मुंबई सोडल्यानंतर घडला.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी युरोपभर प्रसिद्ध असलेले हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते चेकोस्लोव्हाकियात गेले. आज चेक प्रजासत्ताकात त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. गावाची भाषा जर्मन, राज्य चेक आणि कॉफमन यांचे कुळ ज्यू. आपण नेमके कुठले, या प्रश्नाशी त्यांची गाठ अशी जन्मापासूनच पडली होती.

तरुणपणी ते बर्लिनला गेले. तेथील संगीत विद्यालयात फ्रांझ श्रेकर यांच्याकडे त्यांनी संगीतरचनेचे धडे घेतले आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्राचे. झाक्स हे जगभरातील वाद्यांच्या वर्गीकरणाचे एक प्रवर्तक. भारतातील वाद्यांवर त्यांनी १९१५ सालीच ग्रंथ लिहिला होता. युरोपचे संगीत हे संगीताच्या विशाल वृक्षाची केवळ एक फांदी आहे, हा विचार अशा गुरूच्या सहवासात मनात रुजला नसता तरच नवल. ब्रुनो वाल्टर यांच्यासारख्या थोर संगीतसंचालकाच्या हाताखाली ऑपेरागृहात साहाय्यक म्हणून काम करण्याची संधीही कॉफमन यांना मिळाली. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी गुस्ताव माहलर या संगीतकाराच्या सिंफनींवर प्रबंध सिद्ध केला.

पदवी हातातोंडाशी आली होती. तेवढ्यात आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझी चळवळीत सक्रिय असल्याचे त्यांना समजले. कॉफमन यांनी ती डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला. तरुण माणसासाठी ही किंमत लहान नव्हती. पुढे वीस वर्षे ज्यांनी विद्यापीठात संगीतशास्त्र शिकवले, त्यांनी त्या शास्त्रातील कष्टाने मिळवलेली पदवी स्वतःच्या हाताने दूर सारली होती!

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतील ज्यू कलावंतांच्या पायाखालची जमीनच सरकली. कुर्ट झाक्स आणि ब्रुनो वाल्टर या दोघांनाही त्याच वर्षी जर्मनी सोडावी लागली. कॉफमन यांच्यासमोर प्रश्न होता तो कुठे जायचे याचा. त्यांनी मुंबई निवडली. भारतात येण्याचा परवाना तुलनेने सहज मिळत होता, शिवाय जर्मनीत चित्रपटतंत्र शिकून आलेले मोहन भवनानी मुंबईत चित्रपट काढत होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये सव्वीस वर्षांचे कॉफमन मुंबई बंदरात उतरले. मुक्काम थोड्या दिवसांचाच असेल, असा त्यांचा अंदाज होता.

येथे आल्यावर त्यांनी भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. ते संगीत त्यांना अगदी परके, जवळजवळ अनाकलनीय वाटले. त्या काळी मुंबईत राहणाऱ्या बहुतेक युरोपियनांची हीच प्रतिक्रिया असे. ते कान मिटून घेत आणि आपापल्या क्लबाकडे वळत. कॉफमन यांनी मात्र वेगळा विचार केला. ज्या संगीतावर कोट्यवधी माणसे जीव टाकतात, जे त्यांच्या हृदयातून आणि बुद्धीतून निर्माण झाले आहे, ते आपल्याला उमजत नसेल तर उणीव संगीतात नाही, आपल्या कानांत आहे. ती भरून काढायची तर त्या संगीताच्या उगमापाशी बसूनच ते शिकले पाहिजे, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. उत्तम शिक्षक होण्यासाठी आधी उत्तम विद्यार्थी व्हावे लागते. कॉफमन यांच्या अध्यापनाचा पाया वर्गात उभे राहण्याच्या कितीतरी वर्षे आधी, असा घातला गेला.

महालक्ष्मीच्या परिसरात, तेव्हाच्या वॉर्डन रोडलगत, रेवा हाऊस नावाच्या बंगल्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले. पोटापाण्यासाठी भवनानींच्या चित्रपटांचे संगीत लिहिले. वाडिया बंधूंच्या १९३७ सालच्या ‘तूफानी टारझन’ या चित्रपटाशीही त्यांचे नाव जोडले गेले आहे. आल्या वर्षीच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिची मैफल भरे. पियानोवर स्वतः कॉफमन आणि व्हायोलिनवर मेहली मेहता असत. मे १९३७ पर्यंत या संस्थेने १३६ कार्यक्रम केले होते. शंभर-दीडशे श्रोत्यांची जमवाजमव करताना आजही ज्यांची दमछाक होते, त्या संयोजकांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

१९३७ साली मुंबई रेडिओ केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती झाली. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी खासगी कंपनीने सुरू केले होते. जून १९३६ मध्ये सरकारी नभोवाणी सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले होते. माध्यम नवे होते आणि त्याचे व्याकरण घडायचे होते. मुंबईत पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारे कलावंत मुख्यतः गोव्यातील ख्रिस्ती आणि मुंबईतील पारशी समाजातून येत. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत. हॉटेलातले नृत्य असो, मूकपटाची साथ असो की पुढे बोलपटाचे ध्वनिमुद्रण असो, गोव्याच्या वादकांवाचून मुंबईचे पान हलत नसे. बर्लिन-प्रागच्या नाट्यगृहांत घडलेल्या कॉफमन यांचे कार्यक्षेत्र आता हे मिश्र, बहुभाषी शहर होते.

रेडिओच्या या नोकरीने त्यांना एक मोठी शिदोरी दिली. एकाच इमारतीत एका बाजूला मोझार्टची तालीम चाले आणि दुसऱ्या बाजूला एखादे गवई पूरिया आळवत असत. दोन संगीते भिंतीला भिंत लावून राहत होती; पण त्यांच्यात बोलणे नव्हते. ते कसे व्हावे, याबद्दल खुद्द रेडिओच्या कारभाऱ्यांतही वाद होते. दिल्ली केंद्रावर जॉन फाउल्ड्स हे इंग्रज संगीतकार भारतीय वाद्यांचा वृंद बांधू पाहत होते. हार्मोनियमच्या ठरीव पट्ट्यांतून मींड आणि श्रुती निघत नाहीत, म्हणून १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. ज्यांच्या घरी नाट्यगीत पेटीवाचून कधी ऐकले गेले नाही, त्या मराठी रसिकांना ही बंदी वेगळी सांगायला नको. पियानोच्या बारा स्वरांवर वाढलेल्या कॉफमन यांच्यापुढेही नेमका तोच प्रश्न होता. दोन स्वरांच्या मधल्या जागेत जे घडते, ते कागदावर उतरवायचे कसे?

त्या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी रेडिओच्या भिंतींबाहेरही केला. मध्य भारतातील गोंड आणि बैगा लोकांची गाणी त्यांनी टिपली. त्यावरचा त्यांचा लेख १९४१ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित संगीतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुसरीकडे १९३८ साली ‘अनसूया’ ही त्यांची रेडिओ-ऑपेरा मुंबईहून ध्वनिक्षेपित झाली. कथानक भारतीय, घाट युरोपीय आणि माध्यम केवळ आवाजाचे, असा तो प्रयोग होता.

पण त्याच वर्षी, ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्युनिच करारानंतर जर्मन फौजा कार्ल्सबाडमध्ये शिरल्या. परतीचे गाव नकाशावर होते, पण आता ते घर राहिले नव्हते. कॉफमन यांच्या पत्नी गेर्टी या विख्यात लेखक फ्रांझ काफ्का यांच्या भाची, त्यांची बहीण एली यांच्या कन्या. एली यांना १९४१ साली प्रागहून पोलंडमधील लोड्झच्या वस्तीत नेण्यात आले. त्या परत आल्या नाहीत. मुंबईच्या पहाटे कॉफमन यांची धून घरोघरी ऐकू येत होती, त्याच दिवसांत त्यांच्या स्वतःच्या घरी युरोपातून असे मौन येत होते. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने जर्मनभाषकांना हद्दपार केले आणि ज्या जर्मनभाषक कार्ल्सबाडमध्ये ते वाढले, त्याची उरलीसुरली खूणही पुसली गेली.

१९४६ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबई सोडली. लंडनमध्ये काही काळ बीबीसीसाठी पाहुणे संगीतसंचालक म्हणून काम केले. १९४७ साली ते कॅनडातील हॅलिफॅक्स येथील संगीत विद्यालयात शिकवण्यासाठी गेले. अध्यापनाची चव त्यांनी तेथे चाखली; पण लगेच १९४८ साली विनिपेग शहराने नव्याने उभारलेल्या सिंफनी वाद्यवृंदाची धुरा त्यांच्याकडे दिली. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो, अशा त्या गावात त्यांनी नऊ वर्षे वाद्यवृंद घडवला. याच काळात भारतीय अनुभवांवर बेतलेल्या रचना त्यांनी लिहिल्या; ‘मद्रास एक्स्प्रेस’ हे त्यातल्या एका रचनेचे नाव. विनिपेगच्या पियानोवादक फ्रेडा ट्रेपेल यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. निर्वासिताला अखेर जागा मिळाली होती. हातात दंड होता, समोर वादकांचा ताफा होता आणि गावात मान होता.

आणि १९५७ साली त्यांनी हे सारे सोडले. वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे विद्यापीठाच्या संगीत विद्यालयात संगीतशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

पन्नाशीत माणसे साधारणपणे मिळवलेले सांभाळतात. वाद्यवृंदाच्या संचालकाला तर या वयात खरी प्रतिष्ठा लाभू लागते. व्यासपीठावर टाळ्या असतात; वर्गात असतात प्रश्न. व्यासपीठावरचा माणूस जे येते ते सादर करतो. शिक्षकाला जे येते ते पुन्हा एकदा उलगडून पाहावे लागते. मग हा बदल त्यांनी का स्वीकारला असावा? त्याचे उत्तर त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामात दडलेले आहे. मुंबईत जमवलेली बारा वर्षांची शिदोरी वाद्यवृंदाच्या धबडग्यात उघडायला सवड नव्हती. ती उघडण्यासाठी ग्रंथालय हवे होते, वेळ हवा होता आणि मुख्य म्हणजे ऐकणारे विद्यार्थी हवे होते.

ब्लूमिंग्टनला एक जुना धागाही त्यांची वाट पाहत होता. प्रागमध्ये ज्यांच्याकडे ते शिकले, ते संगीतशास्त्रज्ञ पाउल नेटल नाझींपासून बचावून अमेरिकेत आले होते आणि १९४६पासून याच विद्यापीठात शिकवत होते. जगभरच्या लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रहही तेथे होता. युरोपने हाकलून दिलेले ज्ञान अमेरिकेच्या एका लहानशा गावात असे पुन्हा एकत्र जमले होते.

त्यानंतर त्यांची लेखणी थांबली नाही. १९६७ साली पौर्वात्य देशांतील स्वरलिपींवरचा त्यांचा ग्रंथ आला. १९६८ साली उत्तर भारतातील रागांवरचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९७६ साली दक्षिणेतील रागांवरचा. तिबेटी बौद्ध मठांतील पठणावर १९७५ साली त्यांनी लिहिले. प्राचीन चिनी ग्रंथांतील संगीतविषयक उल्लेखही त्यांनी धुंडाळले.

उत्तर भारतीय रागांवरच्या ग्रंथाचे मराठी वाचकाला विशेष अगत्य वाटायला हवे. कॉफमन यांनी त्यात रागांची मांडणी केली ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांनुसार! वाळकेश्वरला जन्मलेल्या, वकिली सोडून संगीतशास्त्राला वाहून घेतलेल्या भातखंडे यांचे निधन सप्टेंबर १९३६ मध्ये मुंबईतच झाले. गवयांच्या घराण्यांत विखुरलेल्या बंदिशी गोळा करून त्यांनी जी व्यवस्था लावली, तिच्या आधाराने तीस वर्षांनंतर अमेरिकेतले विद्यार्थी कल्याण, काफी आणि मारवा यांतला फरक शिकू लागले. आपले शास्त्र परदेशी गेले की आपण अभिमानाने मान डोलावतो. पण ते नेण्यासाठी कोणीतरी आधी ते नम्रपणे शिकावे लागते, हे सहसा विसरतो.

हे काम सोपे नव्हते. राग म्हणजे केवळ स्वरांची शिडी नव्हे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. पण एकाचा जीव गंधारात, तर दुसऱ्याचा धैवतात. पाच रेघांच्या युरोपीय स्वरलिपीत हे स्वर लिहिता येतात, त्यांचा जीव कसा लिहिणार? म्हणून कॉफमन यांनी केवळ आरोह-अवरोहावर न थांबता प्रत्येक रागाची वळणे, खास स्वरसंगती आणि नमुन्याचे आलाप लिहून दाखवले. गुरुमुखातून ऐकल्यावाचून राग कळत नाही, हा आपल्याकडचा आक्षेप अशा ग्रंथावर घेता येईल आणि तो चुकीचाही नाही. मात्र ज्यांच्यापाशी गुरू नव्हता, त्यांना दारापर्यंत आणून सोडण्याचे काम या पानांनी केले. याच सुमारास पंडित रविशंकर यांच्या सतारीने अमेरिकेतील तरुणांना वेड लावले होते. १९६७ सालच्या मॉन्टेरे महोत्सवात त्यांनी हजारोंना मंत्रमुग्ध केले. वेड लागल्यानंतर ज्यांना खरोखर समजून घ्यायचे होते, त्यांच्यासाठी ब्लूमिंग्टनच्या या प्राध्यापकाने शिधा तयार ठेवला होता.

रेडिओ सोडला तरी रेडिओने शिकवलेली एक गोष्ट त्यांच्याबरोबर राहिली असे वाटते. माइकसमोरचा माणूस न दिसणाऱ्या श्रोत्यासाठी बोलत असतो. त्याला हे कळेल का, असा प्रश्न त्याने क्षणोक्षणी स्वतःला विचारावा लागतो. शिक्षकाचेही तेच. फरक एवढाच की, शिक्षकाला श्रोत्याच्या चेहऱ्यावर उत्तर दिसते.

१९७७ साली, सत्तरीत, ते निवृत्त झाले. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची हस्तलिखिते आणि कागदपत्रे त्याच विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत. त्यांच्या सिंफनी, ऑपेरा आणि चतुष्टके दीर्घकाळ फडताळातच पडून राहिली. २०१३ साली मुंबईचे चित्रपट-अभ्यासक अमृत गांगर यांनी त्यांच्या भारतातील वास्तव्यावर पुस्तक लिहिले. २०२० साली टोरांटोच्या ‘आर्क’ या वृंदाने त्यांच्या निवडक रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, तेव्हा जगाने संगीतकार कॉफमन पुन्हा ऐकले. त्यातल्या कित्येक रचना मुंबईच्या वास्तव्यात लिहिलेल्या होत्या.

कॉफमन यांच्या आयुष्याकडे नुसते हानीचा जमाखर्च म्हणूनही पाहता येईल. गाव गेले, भाषा बोलणारी माणसे गेली, पदवी नाकारली, शहरे बदलली, व्यवसाय बदलला. पण प्रत्येक वळणावर त्यांनी एक गोष्ट हातची सोडली नाही, ती म्हणजे शिकण्याची तयारी. सव्विसाव्या वर्षी अनोळखी संगीतासमोर आपले अज्ञान कबूल करणारा हा माणूस पन्नासाव्या वर्षी नवा व्यवसाय पत्करू शकला, कारण दोन्ही वेळी लागणारे धैर्य एकच होते.

पुढच्या वेळी ती धून कानावर आली, तर क्षणभर थांबून ऐकावी. तानपुरा आपला आहे, राग आपला आहे. आणि त्यांना एकत्र बांधणारा कान आहे तो दूरच्या देशातून आलेल्या एका विद्यार्थ्याचा.